गॅस की इंडक्शन? डाउन सिंड्रोम असलेल्या तरुणांच्या स्वतःच्या ओट्यासाठी परीक्षण

आधी निकाल. डाउन सिंड्रोम असलेली तरुण मंडळी वेगळ्या घरात राहायला निघाली असतील, एकेकटी असोत वा दोघं-तिघं मिळून, तर ओट्यावर पहिली वस्तू इंडक्शन शेगडी हवी. तीही साधी, दाबायच्या बटणांची, दोन-अडीच हजारांतली. काचेवर बोट टेकवायची चकचकीत महागडी नको. आणि दुकानदार ‘यावर कोणतंही भांडं चालतं’ म्हणत पुढे सरकवतो ती इन्फ्रारेड तर मुळीच नको.

कंपनीचं नाव इथे मुद्दाम घेतलेलं नाही. एकाच कंपनीची दोन मॉडेलं बटणांच्या बाबतीत सावत्र भावंडांसारखी वेगळी निघतात, आणि दिवाळी आली की नवं मॉडेल येतं. नाव पाठ करण्यापेक्षा दुकानात उभं राहून काय दाबून बघायचं ते कळलेलं बरं.

कसोटी एकच ठेवली: एका वेळचा स्वयंपाक करताना आईला फोन किती वेळा लावावा लागतो. ज्या शेगडीवर हा आकडा हळूहळू शून्यावर येतो ती चांगली. सुरक्षिततेच्या नावाखाली जिचा ताबा दुसऱ्याच्या हातात जातो ती वाईट, मग ती कितीही हुशार असो.

गॅस का नको

डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. बुद्धीवर त्याचा किती परिणाम होतो याचीच चर्चा सगळीकडे चालते. ओट्यापाशी मात्र हात, डोळे आणि कान जास्त आडवे येतात. स्नायूंचा ताण कमी, सांधे सैल, बोटं आखूड. गॅस पेटवताना एका हाताने बटण आत दाबून फिरवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने लायटर कचकन दाबायचा. दोन हातांची ही जुळणी चुकली की गॅस सुटलेला असतो आणि ठिणगी उशिरा पडते. तो भपका एकदा अनुभवला की पुढचे कित्येक महिने माणूस ओट्याजवळ फिरकत नाही.

दुसरी अडचण मंद आचेची. सिमवर ठेवलेली निळी ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही. मोतीबिंदू आणि केराटोकोनस, म्हणजे बुबुळाचा पुढचा पडदा शंकूसारखा पुढे येणं, हे दोन्ही या मंडळींमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतं. चष्मा असूनही फिकट रंगांतला फरक नीट कळत नाही. त्यात सिलिंडर बदलणं, रेग्युलेटर बसवणं, नळी तपासणं ही कामं शेजाऱ्यापाजाऱ्यांवर येतात. गॅस शिकताच येत नाही असं नाही. बरेच जण शिकतात आणि छान सांभाळतात. पण पहिल्या दिवसापासून एकट्याने वापरायची वस्तू म्हणून तो मागे पडतो.

इन्फ्रारेडचा दोष वेगळा आहे. तिच्यात काचेखालची तार लाल होते, काच तापते आणि मग भांडं तापतं. बंद केल्यावरही काच बराच वेळ धगधगीत राहते. इंडक्शनमध्ये खालच्या गुंडाळीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं आणि भांड्याचा बूडच तापतो. भांडं उचललं की उष्णता थांबते, शेगडी टूं-टूं करते आणि थोड्या वेळाने स्वतःच बंद होते. विसराळूपणावर याहून चांगला उतारा नाही.

विक्रेत्यांचा एक खेळ मात्र थांबवायला हवा. ‘बघा, काच थंडच राहते’ म्हणत ते काचेवर हात ठेवून दाखवतात. हे अर्धसत्य आहे. उकळतं भांडं दहा मिनिटं काचेवर बसलं की त्याचीच उष्णता काचेत उतरते आणि चांगला चटका बसतो. पाहिलेलं पक्कं लक्षात राहणं ही डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांची ताकद असते. तीच इथे उलटते. दुकानात काचेवर हात ठेवलेला पाहिला, की घरीही तेच होणार. वर आणखी एक: वेदना जाणवून ती सांगेपर्यंत काहींना वेळ लागतो. हात झटकन मागे येईल, ओरड ऐकू येईल, हे धरून चालू नका. चटका बसलाय असं वाटलं तर विचारत बसण्यापेक्षा त्वचा बघा. लालसर दिसली तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही.

बटणं: दुकानात काय तपासायचं

टच मॉडेल दुकानात भाव खाऊन जातं, घरी आल्यावर रडवतं. ओल्या बोटाने ते नीट काम करत नाही. कडधान्य धुतलेला हात पुसायचा राहिला की तीन वेळा दाबावं लागतं, आणि चौथ्या दाबाला दोन आकडे पुढे गेलेले असतात. काचेवर पाणी सांडलं तर शेगडी आपोआप बंद पडते किंवा भलताच पर्याय चालू होतो. मुख्य म्हणजे बोटाला काहीच जाणवत नाही. दाबलं गेलं की नाही हे फक्त ‘टीं’ आवाजाने कळतं. पण डाउन सिंड्रोममध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण मोठं आहे आणि हा बारीक उंच आवाज कित्येकांना ऐकूच येत नाही. दाबायच्या बटणाचा ‘कट्’ बोटाला कळतो. ते बटण साध्या प्लॅस्टिकच्या पडद्याखाली असतं, ओल्या हातालाही चालतं.

दुकानात शेगडी लावायला सांगा, वर पाण्याचं भांडं ठेवा आणि जो वापरणार आहे त्यालाच बटणं दाबू द्या. मोजा: पहिल्या दाबापासून उष्णता सुरू होईपर्यंत किती दाब लागले? दोन दाब उत्तम. तीन चालतील. चार लागत असतील तर पुढचं मॉडेल. सुरू झाल्यावर पडद्यावर किती वॅट दिसतात तेही बघा. काही शेगड्या थेट १६०० किंवा २००० वर उडी मारतात. एका कपाच्या चहाला ती आग आहे. दूध टाकेपर्यंत पाणी आटलेलं असतं. ८०० ते १००० च्या आसपास सुरू होणारा एखादा पर्याय ज्या शेगडीत आहे ती घ्यावी आणि रोजच्या वापराला तोच एक पर्याय ठरवून टाकावा. दोसा, इडली, करी, मिल्क असे छापील पर्याय इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. त्यांचा या घरात काही उपयोग नाही.

टायमर एकेका मिनिटाने पुढे जातो का, हे विसरू नका. पाच-पाच मिनिटांच्या उड्या मारणारा टायमर चहाला निरुपयोगी. काही मॉडेलांत वॅट बदलले की लावलेला टायमर पुसला जातो. तेही जागेवरच करून बघा.

घरी आणल्यावर तीनच बटणांना खूण करायची: चालू, ठरवलेला पर्याय, बंद. टिकली लावून बघायचा मोह होतो, पण तेलकट हाताने ती आठवड्यात निघते. एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका बटणाच्या मधोमध लावा, रात्रभर सुकू द्या, मग त्यावर नेलपेंट: चालूला हिरवा, बंदला लाल, मधल्याला पिवळा. बोटालाही कळतं, डोळ्यालाही. काचेच्या तापणाऱ्या भागावर मात्र कसलीही चिकटपट्टी लावू नका.

चाइल्ड लॉक नावाचं बटण काही मॉडेलांत असतं. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाच्या शेगडीला चाइल्ड लॉक, हे नावच बघा. आणि ते नको तेव्हा लागतं: बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं की शेगडी कुलूपबंद होते, कोणतंच बटण चालत नाही आणि ‘शेगडी बिघडली’ म्हणून फोन जातो. सोडवायचं कसं, त्याचा फोटो शेगडीच्या मागच्या भिंतीवर पहिल्याच दिवशी लावा.

मोबाइलवरून दूरवरून बंद करता येणारे स्मार्ट प्लगही पालक आवडीने लावतात. आमचं मत स्पष्ट आहे: नको. नाशिकमध्ये जेलरोडला बसून गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधली शेगडी कुणी बंद करत असेल, तर तो फ्लॅट कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. टायमरने तेच काम होतं आणि टायमर लावणारा हात घरातलाच असतो.

जागा, उंची, प्लग

हा भाग सगळे सोडून देतात आणि अर्ध्या अडचणी इथेच जन्मतात.

आपल्याकडचा ओटा ३२ ते ३४ इंच उंच. त्यावर अडीच इंचांची शेगडी, त्यावर सहा-सात इंचांचा कुकर. डाउन सिंड्रोम असलेल्या बाईची उंची पुष्कळदा पावणेपाच फुटांच्या आसपास असते. म्हणजे कुकरचं झाकण छातीशी येतं, आतलं काही दिसत नाही आणि वाफ थेट तोंडावर. त्यावर लोक पाट किंवा स्टूल देतात. सैल सांधे आणि डगमगता तोल असताना गरम भांड्यापाशी स्टुलावर उभं करणं हा उपाय नव्हे. शेगडीच खाली आणा: २७-२८ इंच उंचीचं, जाड पायांचं, न हलणारं टेबल. भिंतीला टेकवून, कोपऱ्यात. टेबलाच्या उजव्या बाजूला निदान दीड फूट मोकळी जागा हवी, गरम भांडं सरकवून ठेवायला. डावखुरा असेल तर डावीकडे. शेगडीचा पंखा खालून किंवा मागून हवा घेतो, म्हणून मागे चार इंच जागा सोडा आणि खाली प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घालू नका. तो शेगडीच्या बुडाला चिकटतो, हवा कोंडते आणि शेगडी पाच-सात मिनिटांत तापून बंद पडते. वापरणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकलं.

प्लग १६ अँपिअरचाच, जाड पिनांचा. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटात बदली पिन घालून काही दिवस चालतं, मग सॉकेट पिवळं पडतं, वास येतो. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या जुन्या भाड्याच्या घरांत स्वयंपाकघरात पॉवर पॉइंट फक्त फ्रीजपुरता असतो. घर ठरवताना हे आधी बघा. नवा पॉइंट काढायचा तर २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि अर्थिंग हवंच. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हे वायरमनला विचारून घ्या. सॉकेटचं बटण टेबलावरून हात पोचेल इतकं खाली, पण शेगडीवरून हात न्यावा लागणार नाही अशा बाजूला असावं.

वीज गेली तर? परत आल्यावर शेगडी आपोआप सुरू होत नाही, ही चांगली गोष्ट. पण जेवण अडतं, आणि घरातला साधा इन्व्हर्टर इंडक्शन ओढत नाही. दहीपोहे, चिवडा, ब्रेड-चटणी, केळी, पावसाळ्यात उकडलेल्या शेंगा आणून: अशा विजेशिवायच्या जेवणाचं एक फोटोकार्ड फ्रीजवर आधीच लावून ठेवलं की वीज गेल्यावर घाबरगुंडी उडत नाही.

भांडी: तांबट लेनचा मान राखून

नाशिकला येऊन तांब्या-पितळेची भांडी न घेणारा विरळा. पण ती इंडक्शनवर तापत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियमही नाही. फ्रीजवरचं लोहचुंबक घेऊन भांडीबाजारात जा; बुडाला घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, लुळं लोंबलं तर ठेवून द्या. बूड सपाट हवं आणि निदान १२ सेंटिमीटर रुंद. गोल बुडाची कढई ठेवली तर शेगडी नुसती कुरकुर करते.

एकट्या माणसाला तीन भांडी पुरतात. दीड लिटरचं जाड बुडाचं, लांब दांड्याचं स्टीलचं सॉसपॅन. २४ सेंटिमीटरचा सपाट तवा किंवा पॅन. तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा कुकर. सॉसपॅन दीड लिटरचंच का, तर त्यात एका कपाचा चहा सहसा उतू जात नाही. वर चढायला भरपूर जागा असते.

आणि सांडशी बाद. मराठी स्वयंपाकघरातली ही सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. कान नसलेलं पातेलं सांडशीने उचलायला पकड लागते, मनगट स्थिर लागतं आणि दोन्ही एकाच वेळी लागतं. ज्यांच्या हाताला ती ताकद नाही त्यांच्या हातात उकळतं वरण देऊ नये. दांड्याचं भांडं आणि मोकळ्या हाताला जाड कापसाचा हातमोजा. रंगाचंही बघा: काळ्या काचेवर काळा नॉनस्टिक पॅन नीट दिसत नाही, स्टील स्वच्छ दिसतं.

पातेलं भरून उचलून आणायचं नाही. रिकामं भांडं शेगडीवर, मग अर्ध्या लिटरच्या मगाने पाणी, आणि मगच चालू. हा क्रम उलटला, म्हणजे रिकामं भांडं चालू शेगडीवर बसलं, तर नॉनस्टिक पॅन २००० वॅटला मिनिट-दोन मिनिटांत धूर सोडतं. काचेखालचा तापमान मोजणारा भाग मधोमध असतो आणि त्याला कळेपर्यंत उशीर होतो.

चहा आणि भात: शिकवण्याच्या दृष्टीने

तोंडी सूचना लक्षात ठेवणं डाउन सिंड्रोममध्ये अवघड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं चांगलं राहतं. म्हणून ‘आधी पाणी घाल, मग साखर, मग…’ हे दहा वेळा सांगण्यापेक्षा आठ फोटो काढा. त्याच घरातले, त्याच भांड्याचे, त्याच शेगडीचे. नेटवरची चित्रं नकोत. चित्रातली शेगडी वेगळी दिसली की गाडी अडते. एका फोटोत एकच कृती.

एका कपाचं प्रमाण: पाणी अर्धा कप, दूध अर्धा कप, साखर एक चमचा, चहा पावडर एक चमचा. कप नेहमीचा, चमचा डब्यातच ठेवलेला. पाणी, साखर, पावडर भांड्यात, भांडं शेगडीवर, पिवळं बटण, पडद्यावर ८०० दिसतंय तो फोटो, टायमर ४ मिनिटं. चांगली उकळी आली की दूध. शेगडी स्वतःच बंद होते, मग गाळणं. गाळणं सिंकमध्ये ठेवलेल्या कपात करावं, हातात धरलेल्या कपात नाही.

थायरॉइड कमी पडणं या मंडळींमध्ये फार आढळतं आणि थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी घेऊन चहासाठी अर्धा ते एक तास थांबावं लागतं. मग चहाच्या कार्डाचा पहिला फोटो गोळीच्या डबीचा आणि दुसरा घड्याळाचा. वेगळी आठवण करून द्यायला कुणी लागत नाही.

शिकवताना उलटीकडून चला. पहिल्या आठवड्यात सगळं तुम्ही करा, शेवटची कृती, म्हणजे चहा गाळणं, फक्त त्याने. नंतर शेवटच्या दोन कृती त्याच्या, मग तीन. रोज शेवट त्याच्या हातून होतो आणि कप त्याच्या हातात येतो. बौद्धिक दिव्यांगांच्या शाळांमध्ये कामाचे असे टप्पे पाडून शिकवणं काही नवं नाही. रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी ही अशा मुलांसाठीची संस्था १९७७ साली सुरू केली, तेव्हापासून हा विषय नाशिकला परका नाही. पण शाळेत शिकलेला चहा घरच्या ओट्यावर आपोआप येत नाही. भांडं बदललं, शेगडी बदलली की पुन्हा शिकवावं लागतं. म्हणून सराव त्याच फ्लॅटमध्ये, त्याच शेगडीवर.

सगळ्यात मोठी चूक मागे उभ्या असलेल्या माणसाची. पाणी उकळलं की तो ‘आता दूध’ म्हणतो. दोन आठवड्यांत त्याचा आवाज हाच शेगडीचा एक भाग होऊन बसतो. आवाज नाही तर दूध नाही. बोलायचंच असेल तर फोटोकडे बोट दाखवा. पुढे तेही थांबवा आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसा. चहा फिका झाला, कडू झाला, तर होऊ द्या. साखर किती हा निर्णय पिणाऱ्याचा.

आता भात. ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद’ हा आपला राष्ट्रीय टायमर. दुसरी झाली की तिसरी, हे लक्षात ठेवणं इथे अवघड, त्यात शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी हिशेबात धरली जाते. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, तीन लिटरचा कुकर, १००० वॅट. पहिली शिट्टी आली की ६०० वॅट आणि मग टायमर ४ मिनिटं. शिट्टी ऐकू येत नसेल तर सुरुवातीपासून टायमर लावायचा. आकडा मात्र त्याच कुकरवर दोन-तीनदा करून ठरवा, तांदूळ आणि कुकर बदलला की तो बदलतो. वाफ जाईपर्यंत झाकणाला हात नाही: त्यासाठी स्वयंपाकघरातलं वेगळं घड्याळ १५ मिनिटांवर.

कुकरचं झाकण कोणतं? आत बसणारं झाकण वाफ असेपर्यंत उघडतच नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते तिरकं करून आत सरकवणं काहींना महिनोन्‌महिने जमत नाही. बाहेरून बसणारं झाकण बाणाला बाण जुळवून फिरवलं की झालं, पण उघडताना घाई चालत नाही. दुकानात दोन्ही हातात द्या, ज्याचं झाकण स्वतः पाच वेळा लावता आलं ते घ्या. दोन्ही जमत नसतील तर इलेक्ट्रिक राइस कुकर: एकच खटका, भात झाला की स्वतः वर उडतो. खरं सांगायचं तर नुसता भात खाणाऱ्याला तोच सरस. मुगाची खिचडी मात्र त्यात फेसाळून बाहेर येते, त्यामुळे भांड्याच्या अर्ध्यापेक्षा वर भरायचं नाही.

कमी वॅटबद्दल एक सूचना. ३०० किंवा ४०० वर लावलं तरी स्वस्त शेगड्या खरोखर मंद आच देत नाहीत; काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद थांबतात. दूध त्या जोराच्या सेकंदांत वर येतं आणि पातळ बुडाच्या भांड्यात खिचडी लागते. जाड बुडाचं भांडं हाच त्यावर इलाज. फोडणीलाही ८०० पुरे. एक चमचा तेल मिनिटाच्या आत तापतं, म्हणून मोहरी, जिरं, हळद वाट्यांत काढून ठेवल्याशिवाय शेगडी चालू करायची नाही. तेलाने पेट घेतलाच तर लाल बटण, वर स्टीलचं झाकण, पाणी नाही. हे तिन्ही फोटो वेगळ्या लाल कार्डावर.

पोळी-भाकरीत इंडक्शन कमी पडते. फुलका ज्योतीवर फुगवता येत नाही. तव्यावरच फडक्याने दाबून जेमतेम फुगतो, आणि बोट तव्याला लागण्याची शक्यता वाढते. पोळ्या विकत आणा. कॉलेज रोडच्या खोल्यांत राहणारी निम्मी पोरं पोळीभाजी केंद्रावरच जगतात, त्यांना कुणी ‘स्वतंत्र राहायला जमत नाही’ म्हणत नाही.

पेसमेकर असेल तर

डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि शस्त्रक्रियेनंतर काहींना पेसमेकर बसतो. चालू इंडक्शन आणि पेसमेकर यांच्यात निदान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवायला सांगितलं जातं. ओट्यावर वाकून काम करणाऱ्याला ते पाळता येत नाही. अशा वेळी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. नाही म्हणाले तर राइस कुकर आणि विजेची किटली यांवर घर चालवता येतं, अगदी नीट चालवता येतं.

खरेदी

एम. जी. रोड किंवा मेन रोडच्या दुकानांत आठवड्यातल्या दुपारी जा, गर्दी नसते, बटणं दाबून बघायला कुणी घाई करत नाही. सिटीलिंकच्या शहर बसने शालिमार किंवा रविवार कारंजाला उतरलं की सगळं चालण्याच्या अंतरावर. शेगडी दोन ते अडीच हजार, सॉसपॅन आणि पॅन मिळून दीड-दोन हजार, कुकर तेवढ्यातच. वायरमनचे वेगळे.

दुकानदार बहुतेक वेळा सोबत आलेल्या वडिलांशी बोलतो. ‘ह्याला झेपेल ना?’ असं त्याच्याच देखत विचारतो. वडिलांनी दोन पावलं मागे सरकावं आणि पैसे वापरणाऱ्यालाच देऊ द्यावेत; पैसे देणाऱ्या हाताकडे दुकानदाराचं लक्ष आपोआप जातं. घरमालक किंवा सोसायटीची कमिटी ‘गॅसचं काय, उद्या काही झालं तर’ असं म्हणत असेल तर इंडक्शनने तो मुद्दा बराचसा निकालात निघतो. उरलेल्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ५ दाखवा: समाजात राहण्याचा हक्क, आणि ठरावीक प्रकारच्या निवासातच राहण्याची सक्ती नाही. याच कायद्याचं कलम १३ आर्थिक व्यवहार स्वतः करण्याचा हक्क मान्य करतं.

झुरळं ही शेगडीची खरी शत्रू आहेत. खालच्या जाळीतून आत शिरतात, ऊबेला बसतात आणि सर्किट जळतं. रात्री प्लग काढून शेगडी पुसून उभी ठेवावी. काच फुटली किंवा बारीक तडा दिसला तर त्याच क्षणी प्लग बंद. तड्यातून पाणी आत जातं. काच बदलायला मूळ किमतीच्या निम्मे पैसे मागतात, त्यापेक्षा नवी परवडते.

बिल वापरणाऱ्याच्याच नावावर करा. वॉरंटीच्या नोंदणीचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येऊ द्या. सहा महिन्यांनी सर्व्हिसवाल्याचा फोन येईल आणि आवाज ऐकून तो विचारेल, ‘घरात मोठं कुणी आहे का?’ त्याचं उत्तर सरावात आधीच घेऊन ठेवा: ‘मीच आहे. बोला.’